चॅटबॉट वापरून मी ढ झालोय का? एका गणित शिक्षिकेचं उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडते. तुम्ही चोपडा तालुक्यातले, बी.एस्सी. झालेले. दिवसा जळगावला एका कंपनीच्या ऑफिसात काम आणि रात्री राज्यसेवेचा अभ्यास. दीड वर्षापासून चॅटजीपीटी रोज वापरता. साहेब तुमच्या ईमेलची तारीफ करतात, घरचे म्हणतात पोरगा हुशार झाला. पण मागच्या महिन्यात सराव परीक्षेत निबंधाचा कोरा कागद समोर आला आणि वीस मिनिटं पहिलं वाक्य सुचलं नाही. तेव्हापासून रजेचा साधा अर्जही फोन हातात घेतल्याशिवाय लिहवत नाही. त्यात 'एआयने मेंदू सडतो' असं एक रील पाहिलंत आणि झोप उडाली. तुम्ही विचारलंय, 'दहावीला गणितात ९४ होते. आता मी ढ झालोय का? ॲप काढून टाकू का?'

मी अमळनेरला २९ वर्षं गणित शिकवते. आधी शाळेत, मग ज्युनिअर कॉलेजात, आणि आता संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना अंकगणित आणि बुद्धिमत्ता चाचणी. मेंदूची डॉक्टर नाही. पण गणित सोडवायला बसलेल्या पोराच्या चेहऱ्याकडे बघून ते कुठे अडलंय हे ओळखणं हेच माझं काम आहे. गेल्या तीनेक वर्षांत हे अडणं कसं बदललं, ते रोज बघतेय. त्या अनुभवावरून सांगते.

तुम्ही ढ झालेला नाहीत. बावीस-तेवीस वर्षांत जमवलेली समज दीड वर्षात विरघळत नाही. मात्र तुमची तक्रारही खोटी नाही. तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकात एक मिसळल्यात. एक, कामाला सुरुवात करता येत नाही. दोन, आपण नेमके किती पाण्यात आहोत हेच कळेनासं झालंय. पहिली गोष्ट सवयीची आहे आणि ती सवय परत लागते. दुसरी मला जास्त गंभीर वाटते, म्हणून तिच्याबद्दल आधी बोलते.

आमच्या लहानपणी विहिरीत पोहायला शिकवायचे ते पाठीला डबा बांधून. तुमच्याकडेही असंच असेल. पत्र्याचा नाही तर प्लॅस्टिकचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला डबा. डबा बांधलेलं पोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काठावरच्यांना ओरडून सांगतं, 'माले पोहता येस!' ते खोटं बोलत नसतं. हातपाय मारतंय, पुढे सरकतंय, बुडत नाहीये. पोहण्यातलं आपलं किती आणि डब्याचं किती, हे त्याला आतून कळूच शकत नाही, कारण दोन्ही एकत्रच जाणवतं. काठावरच्या बापाला मात्र कळतं.

तुमच्या ईमेलची तारीफ होते तेव्हा नेमकं हेच होतं. अक्षर तुमच्या स्क्रीनवर उमटलं, खाली नाव तुमचं, पाठवलं तुम्ही. मन ते आपल्या खात्यात जमा करून टाकतं. हा तुमचा दोष नाही. चॅटबॉट येण्याच्या कितीतरी आधी, २०१५ मध्ये, अमेरिकेतल्या येल विद्यापीठात याचे प्रयोग झाले. काही लोकांना ठरावीक प्रश्नांची उत्तरं इंटरनेटवर शोधायला लावली आणि नंतर पूर्ण वेगळ्याच विषयांवरचे प्रश्न दाखवून विचारलं, 'हे तुम्हाला कितपत समजावून सांगता येईल?' ज्यांनी नुकतंच इंटरनेट वापरलं होतं त्यांनी स्वतःला जास्त जाणकार ठरवलं. शोधायची सोय हाताशी असली की ती आपल्या डोक्यातच आहे असं वाटायला लागतं. आणि तेव्हा तर फक्त दुवे मिळायचे, वाचून जुळवणं आपल्यालाच करावं लागायचं. आता जुळवलेलंच मिळतं.

चॅटजीपीटीवरही असं काम झालंय. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना अमेरिकेतल्या कायद्याच्या प्रवेश परीक्षेतले तर्काचे प्रश्न चॅटजीपीटीच्या मदतीने सोडवायला दिले. गुण खरोखर वाढले. पण आपले किती प्रश्न बरोबर आले याचा लोकांचा अंदाज त्याहून वर गेला. आणि एआयची जास्त माहिती असलेल्यांचा अंदाज जास्त चुकला. हे वाचलं तेव्हा मला माझे टॉपर आठवले.

माझ्या वर्गात एक जुनी पद्धत आहे. पेपर माझ्या हातात देण्याआधी प्रत्येकाने वरच्या कोपऱ्यात लिहायचं की आपल्याला किती गुण पडतील. पंधरा-सोळा वर्षं हे चालू आहे. पूर्वी मुलं साधारण जवळपासचा आकडा लिहायची. कच्चं पोर थोडं जास्त, हुशार पोर थोडं कमी. अलीकडे कोपऱ्यातला आकडा आणि माझा आकडा यांच्यातलं अंतर वाढलंय, आणि घरी फोनवर सोडवून येणाऱ्या मुलांचं सगळ्यात जास्त. ही माझी वहीतली नोंद आहे, संशोधन नाही. पण ती मुलं खोटा आव आणत नव्हती. गुण कळल्यावर त्यांना खरंच धक्का बसायचा.

यात आणखी एक भर पडते. चॅटबॉट तोंडावर गोड बोलतो. 'छान प्रश्न विचारलात', 'तुमचा विचार अगदी योग्य दिशेने आहे'. २०२५ च्या एप्रिलमध्ये तर ओपनएआयला चॅटजीपीटीतला एक बदल काही दिवसांतच मागे घ्यावा लागला, कारण तो वापरणाऱ्याची नको इतकी वाहवा करायला लागला होता. कंपनीने स्वतःच ते मान्य केलं. दिवसातून वीस वेळा कोणी हुशार म्हणत असेल, तर कितीही सावध माणूस थोडा फुगतोच.

आता याची दुसरी बाजू, जिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही आणि जी तुमच्या पत्रात ओळीओळीत दिसते. फोन बाजूला गेला की माणूस खचतो. कोऱ्या कागदासमोर पहिलं वाक्य सुचलं नाही असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं सुचलं असणार. एक नाही, चार सुचली असतील. पण ती ओबडधोबड होती आणि दीड वर्ष गुळगुळीत वाक्यं वाचून तयार झालेल्या तुमच्या नजरेने ती जन्मायच्या आतच नापास केली. कोणाचंही पहिलं वाक्य ओबडधोबडच असतं. माझं हे उत्तरसुद्धा मी तिसऱ्यांदा लिहितेय. पूर्वी तुम्ही तुमचा कच्चा निबंध बाकावरच्या शेजाऱ्याच्या कच्च्या निबंधाशी ताडून बघत होता. आता तुमचा कच्चा माल यंत्राच्या पक्क्या मालाशी ताडून बघता. त्यात तुम्ही रोज हरणार.

म्हणजे वापरताना फुगणं आणि सोडल्यावर खचणं, दोन्ही एकाच चुकीतून आलंय. तुमचा ताजवा बिघडलाय. एकदा वजन जास्त दाखवतो, एकदा कमी. हे नीट लक्षात घ्या, कारण ॲप काढून टाकल्याने ताजवा आपोआप दुरुस्त होत नाही.

रीलबद्दल. ते बहुतेक २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधून आलेल्या एका अभ्यासावर बेतलेलं असणार. ५४ लोक होते. काहींनी चॅटजीपीटीने निबंध लिहिला, काहींनी सर्च इंजिन वापरून, काहींनी नुसत्या डोक्याने, आणि लिहिताना त्यांच्या मेंदूतल्या विद्युत हालचाली मोजल्या. चॅटजीपीटीवाल्यांच्या मेंदूच्या भागांमधली देवाणघेवाण सगळ्यात क्षीण दिसली. आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना नुकत्याच लिहिलेल्या स्वतःच्या निबंधातलं एक वाक्य बरोबर सांगता येईना. हे दुसरं निरीक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं. पण लोक थोडे होते, काम एकाच प्रकारचं होतं, अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा इतर तज्ज्ञांनी तो तपासलेला नव्हता, आणि मेंदू सडला, माणसं मूर्ख झाली असले शब्द वापरू नका अशी विनंती त्या संशोधकांनीच केली होती. एखाद्या कामात मेंदूने कमी जोर लावला आणि मेंदू खराब झाला, या दोन गोष्टी एक नाहीत. बैलगाडीत बसलेल्या माणसाचे पाय त्या वेळी काम करत नसतात, म्हणून ते लुळे झाले असं होत नाही. वर्षानुवर्षं गाडीतूनच उतरला नाही, तर चालताना धाप लागेल, एवढं खरं.

आता ज्या अभ्यासाने माझी स्वतःची शिकवण्याची पद्धत बदलली, तो सांगते. तुर्कस्तानात २०२३ मध्ये हजाराच्या आसपास शाळकरी मुलांवर गणितातच हा प्रयोग झाला. एका गटाला सरावाच्या वेळी साधा चॅटबॉट दिला. दुसऱ्या गटाला शिक्षकांनी बांधून दिलेला, जो सरळ उत्तर न सांगता फक्त पुढची खूण देत होता. तिसऱ्या गटाला नुसतं पुस्तक आणि वही. सरावात साध्या चॅटबॉटवाल्यांनी वहीवाल्यांपेक्षा ४८ टक्के सरस कामगिरी केली, खूण देणाऱ्या चॅटबॉटवाल्यांनी १२७ टक्के. मग सगळ्यांकडून सगळं काढून घेतलं आणि परीक्षा घेतली. साध्या चॅटबॉटवाली मुलं वहीवाल्यांपेक्षा १७ टक्के मागे पडली. खूण देणाऱ्या गटाचं मात्र नुकसान जवळपास झालंच नाही. आणि मागे पडलेल्या मुलांना आपण कमी शिकलो असं वाटतच नव्हतं.

म्हणजे यंत्र तेच आणि गणितंही तीच होती. फरक एवढाच की उत्तर हातात पडत होतं, का मुलाला पुढचं पाऊल स्वतः टाकावं लागत होतं.

वर्गातला एक प्रसंग सांगते. मी नंदुरबारच्या मिरचीचं एक गणित देते. आकडे सोपे ठेवलेत. पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या जागेवर, १०० किलो ओली लाल मिरची आली. वजनाच्या ८० टक्के त्यात पाणी. ऊन देऊन देऊन पाणी वजनाच्या २० टक्क्यांवर आणलं. आता मिरची किती किलो? बहुतेक मुलं झटकन ४० लिहितात, कारण ८० मधून २० गेले ६०, आणि १०० मधून ६० गेले ४०. ते चूक आहे. उत्तर मी इथे मुद्दाम लिहीत नाही, पुढे लागेल. तर एका मुलीने हे गणित घरी चॅटबॉटला विचारलं. त्याने उत्तर बरोबर दिलं, पायऱ्याही स्वच्छ दिल्या. दुसऱ्या दिवशी वही घेऊन आली. मी विचारलं, 'समजलं का गं?' म्हणाली, 'हो मॅडम, एकदम सोपं आहे.' मग मी म्हटलं, 'बरं, वाळत असताना मध्येच ती तोलली आणि वजन ४० किलो भरलं, तर त्या वेळी पाणी किती टक्के होतं?' गणित तेच, फक्त उलट्या दाराने आत जायचं होतं. पोरगी दहा मिनिटं बसली. मग हळूच म्हणाली, 'माले समजस मॅडम, पन सांगता येत नही.'

हे वाक्य मी वर्गात आधीही ऐकलंय, पण हल्ली फार ऐकू येतं. तिला समजलं होतं ते उत्तर. उत्तराची पहिली ओळ कुठून आली हे समजलं नव्हतं. वाळताना पाणी बदलतं, वजन बदलतं, टक्केवारी बदलते. न बदलणारी एकच गोष्ट त्यात आहे, आणि नजर तिथे टाकायची हे ठरवणं म्हणजेच ते गणित. बाकी भागाकार पाचवीचा आहे. चॅटबॉटने तिच्यासाठी भागाकार केला असता तर माझी काही हरकत नव्हती. त्याने ती नजर वापरली आणि तिला भागाकार दाखवला.

लोक मला म्हणतात, कॅल्क्युलेटर आला तेव्हाही असंच म्हणत होते. माझे आजोबा जिनिंगमध्ये मुनीम होते. पावकी, निमकी, दिडकी, औटकीपर्यंत, म्हणजे पाव, अर्धा, दीड ते साडेतीनचे पाढे, सगळं तोंडपाठ. सवाअकरा मणाला अमुक भाव हे ते बोलता बोलता सांगायचे. कॅल्क्युलेटरने ते गेलं, आणि गेलं ते नुकसानच होतं, असं माझं मत आहे. पण कोणत्या आकड्याला कशाने गुणायचं हे कॅल्क्युलेटर कधीच सांगत नव्हता. ते ठरवणं आपल्याकडेच राहिलं. इथे ते ठरवणंही हातातून जातं. म्हणून ही तुलना मला अर्धीच पटते.

ठरवण्याबद्दल अजून एक उदाहरण, गणिताबाहेरचं. माझं माहेर रावेरकडचं, घरी केळी. भाच्याने मध्यंतरी फोनवर विचारलं, 'केळीची पानं पिवळी पडत आहेत, काय करू?' चॅटबॉटने सात-आठ कारणं दिली, प्रत्येकाचा उपाय दिला. सगळी कारणं खरी होती. भाचा सगळ्या उपायांची यादी घेऊन कृषी केंद्रावर निघाला. माझे मोठे भाऊ ओट्यावर बसले होते, त्यांनी एकच विचारलं, 'खालची का वरची?' खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर बहुधा नत्र कमी पडलंय, कारण झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्या पानाला देतं. पोंग्याकडची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह, आणि आमच्या चुनखडीच्या तुकड्यात ते नेहमीचं. भाच्याने पानांकडे त्या नजरेने बघितलंच नव्हतं, मग विचारणार कसं? चॅटबॉट बागेत आला नव्हता. त्याला जेवढं सांगाल तेवढ्यावर तो बोलणार. म्हणून त्याच्याकडे जाण्याआधी जे निरखून बघायचं असतं, त्यातच निम्म्याहून जास्त विचार होऊन जातो. माझ्या भावांनी चॅटबॉट वापरला तर त्यांना भाच्यापेक्षा कितीतरी चांगलं उत्तर मिळेल, कारण ते विचारतील चांगलं.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की सगळ्यांना एकच सल्ला लागू होत नाही. तुम्ही ते कशासाठी वापरता यावर फार अवलंबून आहे. ऑफिसातले इंग्रजी ईमेल चॅटबॉटकडून नीट करून घेता, त्याची लाज बाळगू नका. मराठी माध्यमातून आलेली आपली मुलं इंग्रजीच्या एका चुकीच्या क्रियापदासाठी किती अपमान गिळतात, हे मी बघितलंय. ती भीती जर एखाद्या यंत्राने कमी होत असेल तर मी त्याच्या बाजूने आहे. डिस्पॅचची तारीख कळवणाऱ्या पत्रात तुमची बुद्धी झिजायला हवी असं काही नाही. पण निबंध तुम्हाला यायलाच हवा, कारण राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झालीय. तिथे हातात फक्त पेन असेल.

आधी किती येत होतं यावरही ते अवलंबून असतं. ज्याला गोष्ट आधीपासून येते, त्याचा वेळ वाचतो. ज्याला येत नाही, त्याचं शिकणंच वाचतं, म्हणजे राहून जातं. पण ज्यांना येतं त्यांनीही निर्धास्त राहू नये. पोलंडमध्ये मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करणारे अनुभवी डॉक्टर होते. गाठी दाखवून देणारं एआय त्यांच्याकडे आलं. ते आल्यानंतरच्या काळात, ज्या तपासण्या त्यांनी एआय न लावता केल्या, त्यांत गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आलं होतं. २०२५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. अशा निरीक्षणात इतर कारणंही असू शकतात, पण त्या डॉक्टरांनी प्रत्येकी दोन हजारांहून जास्त तपासण्या केलेल्या होत्या. नवशिके नव्हते ते.

मी स्वतःही यातून गेलेय. दोन वर्षांपूर्वी सराव पेपरचे प्रश्न मी चॅटबॉटकडून काढून घ्यायला लागले. काळ-काम-वेगाचे वीस प्रश्न दे म्हटलं की वीस प्रश्न. तीन-चार महिने मजेत गेले. मग एका संध्याकाळी लाइट गेली, नेट गेलं, आणि वर्गात मुलं बसलेली. म्हटलं, फळ्यावर एक नवं गणित घालू. खडू हातात घेऊन उभी राहिले आणि २७ वर्षं गणितं रचणाऱ्या बाईला एक गणित रचता येईना. जे येत होतं ते पुस्तकातलं जसंच्या तसं. त्या संध्याकाळी मला फार वाईट वाटलं. म्हणून तुमचा कोरा कागद मला परका वाटत नाही. परत यायला मला सुमारे दोन महिने लागले. रोज एक गणित स्वतः रचायचं, बाजारात, बसस्टँडवर, जिथे सुचेल तिथे. ते मिरचीचं गणित मी त्याच काळात रचलं. ढाचा जुनाच आहे, पण पथारीवर आणून बसवला मी.

एक वेगळी गोष्टही विचारते. झोप किती होते? दिवसभर नोकरी, रात्री एकपर्यंत अभ्यास, सकाळी सातची बस, असं असेल तर सुचत नाही आणि आठवत नाही याचं निम्मं कारण तिथेच निघेल. नावं विसरणं, चिडचिड, हातापायाला मुंग्या असं काही सोबत असेल तर एकदा डॉक्टरला दाखवून बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. सगळा दोष फोनवर टाकून साधी गोष्ट सुटायला नको.

आता करायचं काय. ॲप काढू नका. काढलंत तर आठ दिवसांनी अपराधी वाटत परत टाकाल, आणि मग स्वतःवरचा विश्वास आणखी कमी होईल. विहिरीत बाप एकदम डबा सोडत नाही. आधी मोठा काढून लहान बांधतो, मग दोरी सैल करतो, मग एक दिवस पोराला न सांगता सोडून टाकतो. तसंच करा.

पहिली पंधरा मिनिटं कागदाची. अभ्यासाचा कुठलाही प्रश्न असो, फोन दुसऱ्या खोलीत. टेबलावर उलटा ठेवलेला चालणार नाही, दुसऱ्या खोलीतच. पंधरा मिनिटांत उत्तर यायलाच हवं असं नाही. कुठपर्यंत गेलात आणि कुठे अडलात, हे एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे. 'मला हे येत नाही' असं लिहायचं नाही. 'पाणी आणि वजन दोन्ही बदलतंय, मग धरू कशाला हे कळत नाही' असं लिहायचं. माझ्या अनुभवात, अडलेली जागा नीट लिहिली की दहातल्या तीन-चार वेळा तिथेच सुटते. नाही सुटली तर फोन आणा आणि चॅटबॉटला तेच वाक्य द्या. सोबत सांगा, 'उत्तर देऊ नकोस, फक्त पुढची एक खूण दे.' तो ऐकतो. तुर्कस्तानातल्या दुसऱ्या गटासारखं झालं हे.

मग फोन बंद करून ते कोणाला तरी सांगा. आईला सांगा, अहिराणीत सांगा. मी मुलांना हे नेहमी करायला लावते. पुस्तकी मराठीत आणि इंग्रजीत शब्दांच्या आड लपता येतं, 'घटकांच्या परस्परसंबंधामुळे' म्हटलं की काहीच न सांगता सांगितल्यासारखं होतं. घरच्या बोलीत तसं लपता येत नाही. आई मध्येच 'म्हंजे काय?' विचारेल आणि तिथे तुमचं किती पक्कं आहे ते उघडं पडेल. २००२ मध्ये संशोधकांनी माणसांना विचारलं होतं की चेन, म्हणजे झिप, कशी चालते हे तुम्हाला किती कळतं. लोकांनी स्वतःला बरेच गुण दिले. मग पायरी-पायरीने लिहून द्यायला सांगितलं, आणि लिहिल्यावर त्यांनी स्वतःचेच गुण कमी केले. ताजवा दुरुस्त करायची याहून स्वस्त पद्धत मला माहीत नाही.

निबंधासाठी पद्धत थोडी वेगळी. पहिला मसुदा हाताने, कितीही वेडावाकडा, आणि तो खोडून टाकायचा नाही. मग हवं तर चॅटबॉटला दाखवा, पण 'सुधारून दे' म्हणू नका. 'यातला सगळ्यात कच्चा मुद्दा कोणता आणि का?' असं विचारा, आणि सुधारणा पुन्हा हाताने करा. दोन्ही मसुदे एकाच वहीत ठेवा. महिन्याभराने पहिल्या पानावरचा पहिला मसुदा आणि ताजा पहिला मसुदा शेजारी ठेवून बघा. तुमची तुलना तुमच्याशी, कच्च्याची कच्च्याशी.

आणि रोज कोपऱ्यात आकडा लिहा. सराव पेपर तपासण्याआधी, 'मला इतके पडतील'. सुरुवातीला तुमचा आकडा खूप चुकेल, बहुधा वर, आणि त्या कोऱ्या कागदाच्या दिवसासारखा कधी खूप खाली. चुकू द्या. गुण किती पडले यापेक्षा अंदाज आणि गुण यांच्यातलं अंतर आठवड्यागणिक कमी होतंय का ते बघा. ते कमी व्हायला लागलं की 'मी ढ झालोय का' हे तुम्हाला कोणाला विचारावं लागणार नाही.

ऑफिसचे ईमेल तूर्त जसे चाललेत तसे चालू द्या. फक्त रजेचा अर्ज तेवढा स्वतः लिहा. चार ओळींचा असतो, आणि त्यातली चूक साहेबांनी पाहिली तरी रजा मिळते.

आज रात्रीसाठी एक काम देते. तीच नंदुरबारची मिरची, १०० किलो, पाणी ८० टक्के. दोन दिवस ऊन लागलं आणि पाणी ६० टक्क्यांवर आलं. वजन किती राहिलं? आधी कोपऱ्यात अंदाजाने एक आकडा लिहा, मग पंधरा मिनिटं बसा. मला शेवटचं उत्तर नको. कागदावर सगळ्यात आधी तुम्ही काय लिहिलंत ती ओळ पाठवा, खोडली असेल तर खोडलेलीच पाठवा.